आबांची बोटं, नवी सिस्टिम

शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसं जमायची. खाली लाल मातीत पैलवान शड्डू ठोकत असायचे आणि वर ही मंडळी स्कूटरला दोरीनं बांधून आणलेले सीपीयू सतरंजीवर मांडून त्यांच्या तोंडाकडं बघत बसलेली असायची. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं होती ती. लिनक्स नावाची फुकट मिळणारी, कुणा एकाच्या मालकीची नसलेली सिस्टिम कॉम्प्युटरवर घालायची आणि मग ती का चालत नाही यावर डोकं खाजवायचं, हा उद्योग. माझी बायको त्याला रिकामटेकड्यांची भिशी म्हणायची.

तिथं एक रिवाज होता. नव्या माणसानं उभं राहून आपला अनुभव सांगायचा आणि त्याचं सांगून होईपर्यंत कुणी चहाला हात लावायचा नाही. दुसरा नियम असा, की नवख्याला 'जुन्यावर परत जा' असं कुणी म्हणायचं नाही. पहिला नियम चांगला होता, त्यामुळं माणसं आटोपशीर बोलायची. दुसरा नियम मला फार सोयीचा पडला, कारण घरी बायको नेमकं तेच म्हणाली होती. त्याचं काय झालं ते सांगायचं आहे, पण त्या हॉलवर खापर फोडायचं नाही. मी गणिताचा मास्तर आहे, चूक कुठल्या पायरीला झाली ते मला कळतं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या आधी गडहिंग्लजकडचे एक गुळाचे व्यापारी उभे राहिले होते. बोलण्यात कानडी हेल, कपाळाला भस्म. "प्रिंटर कागद वडतोय," ते म्हणाले, "निम्मा छापतोय आन् गप बसतोय. पंधरा दिस झालं. गिऱ्हाईक निम्मा कागूद घिऊन जातंय, काय बोलत न्हाय." सगळे हसले, तेही हसले. आणखी एकाचा पडदाच काळा झाला होता, दुसऱ्याचं इंटरनेट लागत नव्हतं. मग मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्या वडलांचं बोलणं बंद झालंय." तेव्हाही लोक हसले. म्हातारा रुसला असेल असं त्यांना वाटलं. मी हसलो नाही, तशी माणसं सावरून बसली.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कोर्टात मराठीचे टायपिस्ट होते. शाहूवाडीकडच्या डोंगरातल्या गावातून, भाताच्या खाचरातून उठून ऑफिसच्या खुर्चीत बसलेला आमच्या वस्तीतला पहिला माणूस. छत्तीस वर्षं दुसऱ्यांनी बोलायचं आणि आबांनी टाइप करायचं. ते कीबोर्डकडं कधी बघत नसत, उमटलेल्या अक्षरांकडंही नाही. नजर बोलणाऱ्याच्या तोंडावर आणि बोटं आपली चाललेली.

रिटायर झाल्यावर पाचव्या वर्षी त्यांना घशाचा कॅन्सर झाला. मिरजेला ऑपरेशन केलं आणि त्यात आवाजाची पेटी काढली. श्वासासाठी गळ्याच्या खाली एक भोक, त्यावर माझी बायको रोज धुतलेल्या मलमलीची पट्टी बांधायची. माझी आई आधीच गेली होती, त्यामुळं आबांच्या मनातलं खुणेवर ओळखणारं घरात कुणी नव्हतं. विहारात वंदनेला ते पहिल्या ओळीत बसायचे आणि नुसते ओठ हलवायचे. मला ते बघवत नसे, म्हणून मी मागं बसायचो.

लिहून दाखवायची सोय नव्हती. पेन धरला की हात असा थरथरायचा, की कागदावर नुसत्या रेघोट्या. मी पाटी आणली, ती त्यांनी माझ्यासमोर कॉटखाली सारली. पण त्याच हाताची बोटं टाइपरायटरवर ठेवली की थरथर थांबायची, हे मला माहीत होतं. म्हणून मी जुळणी केलेला एक कॉम्प्युटर घेतला आणि त्यात दुकानदाराकडून मराठीचा असा प्रोग्रॅम घालून घेतला, की ज्यात कीबोर्डची अक्षरं थेट मराठी टाइपरायटरसारखी लागायची. आबा खुर्चीत ताठ बसले आणि त्यांनी टाइप केलं, 'आवाज परत मिळाला, याबद्दल आभारी आहे. सकाळच्या चहात साखर कमी होती, सबब कळावे.'

तेव्हापासून आबा कोर्टाच्या भाषेत बोलायला लागले. तोंडानं बोलायचे तेव्हा अस्सल कोल्हापुरी होते. 'आरं ए, जेवलास का न्हाय' हे पायरीवरनं ओरडून विचारायचे. आता मी 'आपण' झालो होतो. 'आपण काल उशिरा आलात, कारण कळले नाही.' आम्हाला आधी हसू यायचं, नंतर सवय झाली. बोलायचं असलं की ते गळ्याला हात लावायचे. ती आमची ठरलेली खूण. हात गळ्याला गेला, की घरातलं जे कुणी जवळ असेल त्यानं कॉम्प्युटर चालू करायचा. असं दोन वर्षं चाललं, आणि खरं सांगतो, बरं चाललं होतं.

मग माझ्या डोक्यात किडा शिरला. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणाला वारणानगरहून एक प्राध्यापक आले होते. त्यांनी सांगितलं, की घराघरातल्या कॉम्प्युटरमध्ये चोरीची सिस्टिम आहे, आणि इकडं जगभरच्या लोकांनी राबून केलेली मोकळी सिस्टिम फुकट मिळते आहे. मला ते फार लागलं. माझ्या बापानं छत्तीस वर्षं कोर्टात कुणाचा चहासुद्धा घेतला नाही आणि मी त्याचा आवाज चोरीच्या मालावर बसवला होता. मी प्राध्यापकांकडून सीडी मागून घेतली. ते म्हणाले, "सर, जुनं पुसू नका. डिस्कचे दोन भाग करा, एकात जुनं राहू द्या. जमलं तर मग बघू." मी मान हलवली.

आबांना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी टाइप केलं, 'हरकत नाही. मात्र टंकलेखन सुरू राहावे.' मी म्हणालो, "व्हय की आबा, उलट आणि झ्याक हुईल." फुकटची सिस्टिम मराठी देणार याची मी माझ्यापुरती खातरी करून घेतली होती. सीडीच्या पाकिटावर भाषांची यादी होती, तीत मराठी होतं. मी तेवढंच बघितलं.

सिस्टिम बसवताना एका पायरीला विचारतात, की पूर्ण डिस्क वापरायची की थोडी. मी क्षणभर थांबलो होतो, हे मला आठवतं. एका कोपऱ्यात चोरीचा माल ठेवून प्रामाणिक व्हायचं, हे काही मला पटेना. मी 'पूर्ण' वर टिचकी मारली. जुनी सिस्टिम, मराठीचा प्रोग्रॅम आणि आबांचं दोन वर्षांचं बोलणं, सगळं पाच मिनिटांत गेलं.

नव्या सिस्टिममध्ये मराठी होतं, पण त्याचा कीबोर्ड वेगळा होता. अक्षरांच्या जागा कुणीतरी शास्त्रशुद्ध विचार करून ठरवल्या होत्या. आबांच्या बोटांना त्या शास्त्राशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी एक वाक्य मारलं, पडद्यावर भलतंच उमटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "आठ दिस द्या, आबा."

मी चिठ्ठ्या चिकटवल्या प्रत्येक बटणावर, नव्या जागा दाखवणाऱ्या. आबांनी दोन दिवस प्रयत्न केला. एकेक बटण शोधत 'पाणी' लिहायला त्यांना इतका वेळ लागला, की मधे बायकोनं पाणी आणून दिलं. बघून टाइप करायला लागले की हात थरथरायचा. त्यांनी चिठ्ठ्या सगळ्या सोलून काढल्या आणि कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकल्या.

मग मी जुनं परत घालायला निघालो, तर ज्या दुकानदारानं मराठीचा प्रोग्रॅम घातला होता त्यानं दुकान बंद करून मोबाईलचं टाकलं होतं. त्याच्याकडची फ्लॉपी वाचली जात नव्हती. बायको म्हणाली, "अहो, एखादा टाइपरायटर आणा की. टायपिंगच्या क्लासात मिळंल. आबास्नी बोलू तरी दे." इतकं साधं होतं ते. क्लास दोन गल्ल्या पलीकडं होता. पण घरात कॉम्प्युटर असताना टाइपरायटर आणायचा म्हणजे मी हरलो, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. मी बायकोवर खेकसलो. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

आबा मात्र रोज गळ्याला हात लावायचे. मी किंवा बायको कॉम्प्युटर चालू करायचो. ते बसायचे आणि जुन्या सवयीनं, पडद्याकडं न बघता, एक-दोन ओळी मारायचे. मी कीबोर्ड इंग्रजीवर ठेवलेला, त्यामुळं पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. मला वाटायचं, सुरू झालं का ते तपासून बघतायत. कधी वाटायचं, मला मुद्दाम टोचतायत. मी म्हणायचो, "अजून न्हाय झालं, आबा." ते पुन्हा गळ्याला हात लावायचे, पुन्हा पुन्हा. एकदा तर त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या गळ्याकडं नेला. मी म्हणालो, "कळतंय मला, बोलायचंय तुम्हाला. पर मी तरी काय करू?" आणि हात सोडवून घेतला.

ते जेवायचेही कमी. दुधात कुस्करलेली भाकरी तशीच ठेवून उठायचे. बायको म्हणाली, आबा रागावलेत. मलाही तसंच वाटलं. मिरजेच्या तपासणीची तारीख अजून दीड महिना लांब होती.

तेव्हा मी हात टेकले आणि त्या रविवारी तालमीत गेलो. मी सांगत होतो तोवर चहा कपात गार झाला, पण कुणी उचलला नाही. तेच वारणानगरचे प्राध्यापक भिंतीला टेकून बसले होते. 'जुनं पुसू नका म्हणालो होतो' असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "टाइपरायटरच्या अक्षरांचा नकाशा आहे का तुमच्याकडं? कुठल्या बटणाला कुठलं अक्षर? तो मिळाला तर मी फाईल बनवून देतो." नकाशा माझ्याकडं नव्हता. गुळाचे व्यापारी म्हणाले, "नकाशा कशाला? वडलांच्या बोटात हाय की."

पुढच्या रविवारी दुपारी प्राध्यापक आमच्या घरी आले. त्यांनी कीबोर्डचं चित्र काढलेला एक मोठा कागद आणला होता, चौकोन सगळे रिकामे. त्यांनी आबांना विचारलं, 'क' कुठं आहे. आबा कीबोर्डकडं बघत राहिले. त्यांना सांगता येईना. छत्तीस वर्षांत त्यांनी 'क' कुठं आहे याचा विचार केला नव्हता. मग प्राध्यापकांना युक्ती सुचली. ते उभे राहिले, हात मागं बांधले आणि वकिलासारखे बोलू लागले, "मेहेरबान कोर्टाचे सेवेशी..."

आबांची पाठ ताठ झाली. नजर प्राध्यापकांच्या तोंडावर गेली आणि बोटं चालू झाली. प्राध्यापक बोलत होते, मी पडद्यावरची इंग्रजी अक्षरं बघून कागदावरचे चौकोन भरत होतो. अर्जदार, जाबदेणार, मिळकत, चतुःसीमा, फेरफार, ज्ञापन. कुठलंही अक्षर राहू नये म्हणून प्राध्यापक विचित्र विचित्र शब्द काढत होते आणि आबा कुठंही अडखळत नव्हते. मलमलीची पट्टी श्वासानं वरखाली होत होती. महिन्याभरात मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. बायकोनं शिरा केला, प्राध्यापकांनी दोनदा घेतला. आबांनी घेतला नाही.

जाताना प्राध्यापक म्हणाले, "फाईल करून पुढच्या रविवारी आणतो. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, ती तेवढी नंतर मारायची सवय लावावी लागेल त्यांना. आणि सर, नकाशा बरोबर आहे का ते एकदा तपासा. वडलांनी आधी काही मारून ठेवलं असेल तर त्यावर लावून बघा." आबांनी मारून ठेवलेलं होतं. कोर्टाची सवय, कागद फाडायचा नाही, फाईलला लावायचा. ते उठताना प्रत्येक वेळी सेव्ह करूनच उठत. मी ती फाईल उघडली, नकाशाचा कागद शेजारी ठेवला आणि एकेक अक्षर वहीत उतरवायला लागलो. आबा आतल्या खोलीत झोपले होते.

पहिली ओळ निघाली, 'अक्षरे उमटत नाहीत.' मला हसू आलं. दुसरी, 'आपण कष्ट घेत आहात, हे दिसते.' मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती पदराला हात पुसत शेजारी उभी राहिली. मग तिसरी ओळ निघाली आणि पुढच्या ओळी मी तिला मोठ्यानं वाचून दाखवल्या नाहीत, तिनं त्या माझ्या खांद्यावरून वाचल्या.

'घास गिळताना दुखते.'

'गळ्यास डाव्या बाजूने गाठ लागते. आज आपणास हात लावून दाखविली.'

'सूनबाईस सांगू नये. घाबरेल.'

'आपण कामात आहात, सबब उद्या.'

'मिरजेस जावे लागेल असे वाटते. घाई नाही.'

आणि शेवटची, आदल्या दिवशीची, 'घाई आहे.'

नकाशा बरोबर होता. एकही अक्षर चुकलं नव्हतं. बायको खाली बसली. मी वही मिटली, पुन्हा उघडली आणि तीच ओळ पुन्हा लावून बघितली, कुठंतरी माझी चूक निघेल म्हणून. ज्या हाताला धरून त्यांनी गाठ दाखवली होती, तो मी सोडवून घेतला होता. आत गेलो, आबा जागेच होते. मी त्यांच्या गळ्याला डाव्या बाजूनं बोट लावलं. सुपारीएवढी गाठ होती. त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मिरजेला गेलो. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, तुकडा काढून पाठवला आणि चार दिवसांनी मला एकट्याला आत बोलावलं. आता ऑपरेशन होण्यासारखं नाही म्हणाले. मी विचारलं, महिन्याआधी आणलं असतं तर? ते कागद चाळत म्हणाले, "सांगता येत नाही हो." आजवर मला कळलेलं नाही, की ते मला धीर देत होते का खरंच सांगता येत नव्हतं. मी त्यांना पुन्हा विचारलं नाही. धाडस झालं नाही.

त्या रविवारी मी तालमीत गेलो, कारण फाईल तिथं मिळणार होती. प्राध्यापकांनी फ्लॉपी हातात ठेवली. काम झालेल्यानंही उभं राहून सांगायचं असा रिवाज, म्हणून मला उभं राहावं लागलं. सगळे वाट बघत होते, चहा ओतून ठेवला होता. मी म्हणालो, "झालं. नकाशा बरोबर निघाला. वडील आता बोलू शकतील." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुळाच्या व्यापाऱ्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला आणि म्हणाले, "लई पुण्याचं काम झालं बगा, पावणं." मी मान हलवली आणि त्यांच्यासोबत चहा प्यायलो. दुसरं काही मला तिथं सांगता आलं नाही. त्यांचा काही गुन्हा नव्हता.

घरी येऊन फाईल घातली. प्राध्यापकांनी सांगितलं होतं तसं केलं, मशीन बंद करून चालू केलं, दोन-चार अक्षरं मारून बघितली. मराठी उमटलं. मी आबांना धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. मिरजेत काय झालं ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. गोळ्या आहेत, बरं वाटेल, एवढंच बोललो होतो. छत्तीस वर्षं ज्यानं माणसं खोटं बोलताना ऐकली, त्याला मी हे सांगत होतो.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आबांनी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि तशीच राहू दिली. मला वाटलं, पुन्हा बिघडलं. मी वाकून बघायला लागलो, तर त्यांनी मला हातानं मागं सारलं. मग त्यांनी मारलं, हळूहळू, आणि या वेळी ते माझ्या तोंडाकडं बघत नव्हते, पडद्याकडं बघत होते. ती कोर्टाची भाषा नव्हती.

'भ्या वाटतंय रं.'

ऑपरेशनच्या आधीचा, पायरीवरून हाक मारणारा बाप मला दोन वर्षांनी पुन्हा भेटला, तो एवढंच सांगायला. मी त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसलो. त्यांची बोटं कीबोर्डवरच होती, माझ्या उत्तराची वाट बघत. दिलासा देण्यासारखं मी पुष्कळ जुळवून ठेवलं होतं.

"मला बी," मी म्हणालो.